एल्डरमोर बोटीची हकिकत

"बोटीचं नको विचारूस पोरी. माणसाचं विचार. गुरुजी विचारायचे तसं."

सारंगचाचा हे म्हणाले तेव्हा मी एरोग्रामवर लंडनचा पत्ता लिहीत होते, आणि मला त्यांचा रागच आला.

"माणसाचं विचारून चाळीस वर्षं झाली, चाचा. तेच पत्र, तीच कचेरी, तेच उत्तर. आता जरा डोकं वापरून बघू या."

"डोकं," ते म्हणाले, आणि आमच्या ओटीच्या खांबाला टेकून खाडीकडे बघत राहिले.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कारवण्याचं टपालघर आमच्या ओटीवर होतं. वडील शिक्का मारायचे, बाकी सगळं मी करायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची, दहावीला दोनदा बसून दोनदा पडलेली. इंग्रजी मात्र घरी शिकले होते, मामाने रद्दीतून आणलेल्या डिक्शनरीवर. तिची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे 'व्ही'च्या पुढे माझी विद्या संपायची. पण कारवण्यात तेवढीही कुणाकडे नव्हती, आणि ती माझ्या डोक्यात गेली होती.

पत्र भागूकाकीचं होतं. भागीरथी जनार्दन खडपे, आमच्यापासून चौथं घर, वय चौसष्ट. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला बंद्या रुपयाएवढं कुंकू, आणि नवरा चाळीस सालापासून पाहिलेला नाही. युद्धात साहेबाच्या आरमाराला तेल पुरवणारी एल्डरमोर नावाची बोट होती. जनार्दन, म्हणजे जनू, तिच्यावर खलाशी म्हणून गेला. बेचाळीस साली बोट बुडाली. सारंगचाचांनी, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे मुकादम हसनमियाँ सारंगांनी, खाडीच्या दोन्ही काठांवरची अकरा माणसं त्या बोटीवर चढवली होती. त्यातलं एकही परत आलं नाही. चाचा स्वतः वाचले, कारण तीन आठवडे आधी कोलंबोला त्यांचा पाय मोडला आणि त्यांना इस्पितळात टाकून बोट पुढे गेली. तो पाय कायमचा आखूड राहिला.

दहा घरांना मुंबईच्या कचेरीतून पत्रं आली. भागूकाकीला आलं नाही. तिने विचारून घेतलं तेव्हा उत्तर आलं की जनार्दन धोंडू खडपे नावाचा कोणी इसम सदर बोटीवर नव्हता. चाचा सांगत, कोलंबोपर्यंत होता. गावाने दोन्हींचा मेळ घातला: कोलंबोला उतरून पळाला, आणि साहेबाने रागाने नाव खोडलं. कुणाची तरी बाई ठेवली असणार. अठरा वर्षांच्या भागूला सासूने तेव्हापासून मरेपर्यंत हे ऐकवलं.

नवल असं, की भागूकाकीला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. दर वर्षी नारळी पुनवेला खाडीत नारळ सोडला की दुसऱ्या दिवशी ती गोगटे गुरुजींकडे जायची आणि तेच पत्र लिहून घ्यायची. 'जनार्दन धोंडू खडपे, राहणार कारवणे, हा इसम एल्डरमोर बोटीवर होता काय?' दोनेक महिन्यांत कार्ड यायचं: या नावाची नोंद नाही. ते ती माझ्याकडून वाचून घ्यायची, पदराने पुसायची आणि हसायची.

"नाय म्हनतात ना?"

"नाही म्हणतात."

"मग झालं."

"काकी, मग तो गेला कुठे?"

"असंल कुटं तरी. मडम ठेवली असंल."

"कोलंबोला मडम कुठून आणणार?"

"मडम नसंल तर जी असंल ती. रांधून घालते ना तेला? नायतर तो हाताने चहाबी करायचा नाय." आणि मग स्वतःच्याच विनोदावर डोळे पुसेपर्यंत हसायची. "पन ओळखीन हां मी. कुटं बी दिसला तरी. तेच्या भुवईवर माझ्या हातचा व्रण हाय. जायच्या आदल्या दिवशी कापली मी, कालवाच्या शिंपलीने."

"भांडलात होय?"

"भांडून कशाला? तो मांडीवर डोकं ठेवून पडला, नि मी कापली."

नव्या लग्नातली मस्ती, दुसरं काय, असं मी धरून चालले.

त्या साली गुरुजी वारले आणि पत्र माझ्याकडे आलं. मला वाटलं, काय ही माणसं! जिथून उत्तर मिळत नाही तिथेच चाळीस वर्षं विचारतात. मी टपालखात्याच्या जाड पुस्तकातून लंडनच्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीचा पत्ता शोधला आणि जनूबद्दल एक अक्षरही न लिहिता मागणी केली: एल्डरमोर या बोटीची युद्धातली संपूर्ण हकिकत, आणि बुडाली तेव्हा तिच्यावर मेलेल्या सगळ्या माणसांची नावं. काकीला म्हटलं, "या यादीत नाव नसलं, म्हणजे कायमचाच निकाल."

ती जरा थांबली. "नसंल ना पन?"

"अहो, कचेरी चाळीस वर्षं नाही म्हणतेय. कुठून असणार?"

"मंग लिव," ती म्हणाली.

चाचांनी तेवढं ते बोटीचं नको विचारूस म्हणून बघितलं. मी पत्ता पुरा करून एरोग्राम चिकटवलं.

उत्तर मार्गशीर्षात आलं. जाडजूड पाकीट, आत टंकलेली अकरा पानं आणि हॉलोवे नावाच्या बाईची सही. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं की तुमच्या कुटुंबातलं कुणी या बोटीवर असेल तर मला मनापासून दुःख वाटतं. साता समुद्रापलीकडची बाई मला 'डिअर मिस' म्हणत होती. मी ते पत्र गावभर नाचवलं.

वाचन तीन दुपारी चाललं. काकी सुपात जवळा निवडत बसायची, चाचा खांबाला टेकायचे, आणि मी एक बोट कागदावर, एक डिक्शनरीत ठेवून सांगत जायचे. हकिकत म्हणजे तारखा होत्या. अमुक दिवशी एडन. अमुक दिवशी ट्रिंकोमाली, दोन लढाऊ बोटींना तेल दिलं. अमुक दिवशी भर समुद्रात, चालता चालता, तेल दिलं.

"चालता चालता कसं देतात?" मी विचारलं.

चाचांचा चेहरा उजळला. "आमची बोट म्हणजे म्हैस गं. ही अवजड, मंद. नि लढाऊ बोटी रेडकांसारख्या येऊन कुशीला लागायच्या. मधे जाड रबरी पाइप. दोन्ही बोटी एका चालीने चालल्या पाहिजेत, हातभर पुढेमागे झालं की पाइप तुटलाच. जनू पाइपावर असायचा. पाइपाला हात लावून सांगायचा, सारंग, आता रेडकू ओढ घेतंय."

"म्हशीची सवय होती तेला," काकी म्हणाली. "आमच्याकडं दोन होत्या."

"नि त्या म्हशीला शिंगं नव्हती. तोफ एक, तीही नावाला. पोटात सात हजार टन तेल, नि वर आम्ही विड्या लपवून ओढणार."

चाळीस सालच्या ऑक्टोबरात लिहिलं होतं: मुंबई, नवे हिंदी खलाशी घेतले. काकीने सूप खाली ठेवलं. "हा तेव्हा चढला." पुढे एक्केचाळीसच्या जानेवारीत: तेल देताना पाइप फुटला, पाइप अमुक लांबीचा, अमुक कारखान्याचा, एक खलाशी भाजला.

"कोन?"

"नाव नाही दिलेलं."

"पाइपाचं घर-गाव दिलान सायबानं, नि मानसाचं नाव नाय?"

"तो जनू नव्हता," चाचा घाईने म्हणाले. "तो पलीकडच्या काठावरचा उस्मान. बरा झाला तो."

दुसऱ्या दुपारी आम्ही कोलंबोपर्यंत आलो. तिसऱ्या दुपारी चाचा आलेच नाहीत. पाय दुखतो म्हणून निरोप आला.

बेचाळीसच्या एप्रिलचा मजकूर चार ओळींचा होता. बंगालच्या उपसागरात विमानांचा हल्ला. तीन बॉम्ब. तेल पेटलं, बोट वीस मिनिटांत बुडाली. पाच अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यांसकट तिथेच होती. 'आणि एकवीस हिंदी खलाशी' असं म्हणून हकिकत संपली. एकविसांची यादी वेगळ्या पानावर, बारीक टायपात, ओळीला ओळ चिकटलेली. ती हॉलोवेबाईने कुठून तरी शोधून जोडली होती.

"वाच," काकी म्हणाली. "हळू वाच."

मी नुसती नावं वाचत गेले. प्रत्येक नावापुढे आणखी मजकूर होता, पण त्यासाठी पुन्हा डिक्शनरीत डोकं घालावं लागलं असतं आणि मला शेवट गाठायची घाई होती. खाडीकाठची नावं येत होती तशी ती मान हलवत होती. उस्मान. लाडू पारकर. इब्राहिम. बाबाजी डोर्लेकर. मग मी वाचलं, "शिवराम धोंडू खडपे."

सूप थांबलं.

"पुन्यांदा वाच."

"शिवराम धोंडू खडपे. हे कोण? तुमच्यातले?"

ती जवळ्यातला एक खडा हातात घेऊन बघत राहिली. मग तिने तो अंगणात टाकला.

"माझा दीर. पन तो घरातच गेला. हिवतापाने, अडतीस साली. लगीनबी नव्हतं झालं बिचाऱ्याचं." आणि ती हसली. "सायबाचं काय गो. घरात मेलेला मानूस बोटीवर मारलान."

मीही हसले. साहेबाची चूक पकडल्याचा आनंद मला काही कमी झाला नाही. उरलेली नावं वाचली. जनार्दन नव्हता.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"व्हय," ती म्हणाली. "म्हनली होतीस." जवळा अर्धा निवडायचा राहिला होता, तरी ती सूप उचलून गेली. जाताना चप्पल घालायची विसरली.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरी मी तीच गंमत सांगायला गेले. ते खाटेवर बसून जाळ्याची गाठ मारत होते. "चाचा, साहेब काय पण गोंधळ घालतात. अडतीस साली हिवतापाने गेलेला शिवराम खडपे, बेचाळीसच्या यादीत!"

गाठ अर्ध्यावर राहिली.

"तिच्यासमोर वाचलंस?"

"हो. हसली ती."

"हसली," ते म्हणाले. मग उठले, लंगडत आत गेले आणि एक पत्र्याची नळी घेऊन आले. हातभर लांब, बोटभर जाड, टोकाला झाकण, जागोजागी गंज. "ही काय आहे ठाऊक आहे?"

"नाही."

"खलाश्याची नळी. हिच्यात त्याचा कागद. कुठल्या बोटीवर चाकरी केली, वागणूक कशी, सगळं. कागदाला पण आम्ही नळीच म्हणायचो. ही असल्याशिवाय मुंबईत बोट मिळायची नाही, आणि बोट मिळाल्याशिवाय नवी नळी मिळायची नाही. मग गावातली माणसं काय करतील? चुलत्याची घेतील. मेलेल्याची घेतील. फोटो नसायचा तेव्हा. नाव, वय आणि अंगावरची खूण."

मला अजूनही कळलं नव्हतं. खरंच नव्हतं कळलं.

"शिवराम माझ्याबरोबर दोन सफरी करून आलेला. त्याची नळी माळ्यावर पडून होती. भागूनंच काढून दिली जनूला. खूण लिहिली होती, उजव्या भुवईवर व्रण. जनूची भुवई साफ. मी म्हटलं, याला नाही घेता येणार, पकडला तर तोही तुरुंगात आणि मीही. दुसऱ्या दिवशी आला तो भुवईला हळद लावून."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मी खाटेच्या कडेवर बसले.

"म्हणजे तिला ठाऊक होतं? पहिल्यापासून? मग ती जनार्दनच्या नावाने का विचारायची?"

"त्या नावाने विचारलं की नाही म्हणतात म्हणून," चाचा म्हणाले. "दर वर्षी एक कार्ड. नाही, नाही, नाही. मलाही विचारता आलं असतं शिवरामच्या नावाने. मुंबईला शंभर वेळा गेलो. कचेरीच्या दारावरून गेलो. नाही विचारलं. आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही, पण दोघांनी मिळून त्याला शेहेचाळीस वर्षं बुडू दिला नाही."

नळी उचलून ते लंगडत पुन्हा आत गेले.

घरी येऊन मी यादी काढली. बोट ठेवत ठेवत शिवरामच्या ओळीवर आले आणि या वेळी पुढचा बारीक मजकूर डिक्शनरी न काढताच वाचला, कारण ते शब्द मला येत होते. खलाशी. वय एकतीस. पत्नी भागीरथी, मुक्काम कारवणे.

शिवरामचं लग्न झालं नव्हतं. नाव भावाचं सांगितलं, वय भावाचं सांगितलं, भुवई भावाची करून घेतली, आणि घरी कोण, असं साहेबाने विचारल्यावर पोराला खोटं सुचलं नाही. किंवा सुचलं, पण सांगितलं नाही. भोळा म्हणावं की धीट, मी अजून ठरवू शकलेले नाही.

मुंबईच्या कचेरीने हे तिला कधी कळवलंच नव्हतं; कागद घेऊन मी तशीच काकीकडे गेले. हे तिचं होतं, तिला द्यायलाच हवं होतं. शेवटी तुझं नाव घेतलान गो, एवढंच सांगायचं. वाटेत मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

ती तुळशीपाशी भांडी घासत होती. कुंकू जागच्या जागी, नेहमीपेक्षा जरा मोठंच. मला बघून तिने हात धुतले.

"चाचानी सांगितलान तुला."

"हो."

"मीबी इचार केला रात्रभर." ती पायरीवर बसली आणि मला शेजारी बसवलं. आवाज अगदी शांत, हिशोबी. "नळी काय गो, हातोहात फिरते. एकाची दुसऱ्याला. तो कोलंबोला उतरला असंल. उतरताना नळी कोनाला तरी दिलान असंल. जो बुडला तो दुसराच कोन तरी, शिवरामच्या नावावर. व्हय की नाय?"

मी कागदाची घडी घातली.

"असं होतं गो. चाचाला इचार, किती वेळा झालंय. गावबी तेच सांगतो ना, इतकी वर्सं? पळाला म्हनून. गाव काय येडा हाय?"

चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर ती हसत आली, ती गोष्ट आता ती माझ्यासमोर एकेक वीट लावून बांधत होती. तो जिवंत राहायचा तर आता एकच वाट उरली होती: त्याने तिला सोडलेलं असायला हवं.

"त्या कागदावर," तिने विचारलं, "शिवरामच्या नावापुढं आनखी काय लिवलाय?"

कागद माझ्या हातात होता. तिला वाचता येत नव्हतं, पण तिची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसतं नाव."

तिने मान हलवली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. कढई आधीच घासलेली होती. ती तिने पुन्हा घासली.

चाचा त्याच फाल्गुनात गेले. त्यांची नळी त्यांच्या मुलाने भंगारात घातली.

पुढच्या नारळी पुनवेला मी तिची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन ती येईल, नेहमीचं पत्र सांगेल, मी लिहीन, कचेरी नाही म्हणेल. ती आली नाही. चार दिवसांनी मीच गेले.

"काकी, पत्र राहिलं."

"आता कशाला गो? ठाव लागला ना तेचा. कोलंबोला हाय."

"तरी पण. दर वर्षी लिहितो."

"ऱ्हाऊ दे."

ती सुपारी कातरत होती. मी उठले तेव्हा तिने अडकित्ता थांबवला.

"कुमुद."

"काय काकी?"

"ती बरी असंल ना गो? तेची ती?"

तिच्या तोंडावर हसू शोधलं मी. नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या बाईबद्दल खरोखर विचारलं होतं.

"असेल," मी म्हटलं. "चांगली असेल."

"रांधून घालत असंल."

"घालत असेल."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

ती आणखी नऊ वर्षं जगली. सवाष्ण म्हणून गेली. हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ भरून कुंकू लावलं, ओटी मी भरली. बायका आपसात कुजबुजत होत्या, नवरा कुठे उंडारतोय आणि हिचं भाग्य बघा. मी नारळ तिच्या ओटीत ठेवला, आणि कागद तेव्हाही घरी डिक्शनरीतच होता, वाळवीने खाल्लेल्या पानांच्या जागी.